आरोग्यचर्चा : बाळाचा श्वास आणि फासळ्यांखालचा पडदा

घरात तान्हे मूल आजारी पडले, की वडीलधाऱ्या बायकांचा हात प्रथम त्याच्या पोटाकडे जातो. मूल धापा टाकीत असते, अंग तापलेले असते, दूध ओढीत नाही. आणि दुपटे दूर सारून पाहावे, तो प्रत्येक श्वासासरशी पोट वर उसळते व फासळ्यांच्या कडेशी एक खळगा पडतो. 'पोरास डबा झाला' असे मग कोणी तरी म्हणते, आणि पोटाचे उपचार सुरू होतात. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, जुन्या माणसांस हा शब्द चांगला परिचयाचा आहे. घरी लहान मूल असलेल्या प्रत्येक कुटुंबास कधी ना कधी त्याची धास्ती वाटलेली असते.

या महिन्याच्या चर्चेस आम्ही हा खळगाच विषय म्हणून घेतला आहे. तो नेमका कोठे पडतो व का पडतो, हे ज्या आईस समजले तिला आपल्या मुलाच्या प्राणावर आलेले संकट, वैद्य घरी येण्यापूर्वी, स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता येते. त्यासाठी छातीच्या भिंती व तिचा तळ यांची रचना मात्र थोडी समजून घेतली पाहिजे. विषय शारीरशास्त्राचा असला तरी अवघड नाही. घरातल्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवल्या की तो सहज उलगडतो.

सर्वसाधारण समज असा असतो, की श्वास फुप्फुसे घेतात. वास्तविक फुप्फुसांस हवा ओढण्याची स्वतःची शक्ती मुळीच नाही. लोहाराच्या भात्याची कातडी पिशवी आपण होऊन फुगत नाही. दांडा ओढणारा हात असेल तेव्हाच ती फुगते. फुप्फुसांची स्थिती अगदी तशीच आहे. ती ज्या पेटीत ठेवली आहेत तिच्या भिंती बाहेर सरकल्या व तळ खाली गेला, की पेटीतील जागा वाढते, आतला दाब कमी होतो आणि नाकावाटे हवा आपोआप आत शिरते. भिंती व तळ पूर्वस्थितीवर आले, की ती बाहेर पडते. तेव्हा श्वास घेणारे खरे कामकरी म्हणजे छातीची भिंत व तिचा तळ हेच होत.

प्रथम भिंत पाहू. पाठीच्या कण्यापासून निघून पुढे वळणाऱ्या फासळ्यांच्या १२ जोड्या आहेत. त्यांपैकी वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेच्या द्वारे, म्हणजे मऊ व लवचिक अशा हाडसदृश पट्टीच्या द्वारे, छातीच्या मधल्या हाडास थेट जोडलेल्या असतात. त्यांखालच्या ३ जोड्या आपल्या वरच्या फासळीच्या कूर्चेचा आधार घेऊनच पुढे येतात, आणि शेवटच्या २ पुढे कोठेच न जोडता स्नायूंत मोकळ्या राहतात. दोन फासळ्यांमधील अंतर स्नायूंच्या तीन थरांनी भरलेले असून, पैकी बाहेरच्या दोन थरांचे तंतू एकमेकांस छेदून जातात. पाण्याच्या बादलीची कडी एका बाजूस पडलेली असावी आणि ती आपण वर उचलू लागावे, म्हणजे ती वर येता येता बाहेरच्या अंगास जाते. मोठ्या माणसाच्या फासळ्या अशाच खाली कललेल्या असतात. स्नायूंनी त्या वर उचलल्या, की छाती रुंदावते.

आता तळ. मराठीत यास श्वासपटल म्हणतात. घाट जसा आपल्या जिल्ह्याचे वरचा व खालचा असे दोन भाग करतो, तसा हा स्नायूंचा पडदा धडाचे दोन भाग करतो : वर हृदय व फुप्फुसे, खाली यकृत, जठर व आतडी. परंतु हा पडदा ताटासारखा सपाट नाही. लोणारच्या विवराचे ते खोलगट पात्र ज्याने कड्यावर उभे राहून पाहिले आहे, त्याने ते मनातल्या मनात पालथे घालावे, म्हणजे श्वासपटलाचा आकार ध्यानात येईल. पालथ्या वाटीच्या कडा खालच्या फासळ्यांच्या आतल्या बाजूस, पुढे छातीच्या हाडाच्या टोकास व मागे कण्यास चिकटलेल्या असतात. माथा मात्र स्नायूचा नसून चिवट कंडरेचा असतो. यकृत उजवीकडे असल्याने त्या बाजूचा घुमट किंचित उंच असतो. घाटातून खाली उतरण्यास जशा मोजक्याच वाटा, तशा या पडद्यातूनही मोठ्या वाटा तीनच आहेत. छातीच्या ८ व्या मणक्याच्या पातळीवर शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, १० व्याच्या पातळीवर अन्ननलिका आणि १२ व्याच्या पातळीवर, पडद्याच्या मागून, महारोहिणी.

श्वास घेताना या पडद्याचे स्नायू आखडतात व घुमट खाली दबतो. स्वस्थ बसलेल्या माणसात तो दीड सेंटिमीटरच्या आसपास उतरतो. दीर्घ श्वास घेतला तर सहा-सात सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक. तो खाली आला म्हणजे पोटातील अवयव दाबले जातात व पोट पुढे येते. संध्येतील प्राणायाम सावकाश करणाऱ्यास पूरकाच्या वेळी नाभीजवळचा भाग पुढे आल्याचे जाणवते, ते यामुळे. पोटात हवा शिरते म्हणून नव्हे. शांत श्वसनाचे सुमारे दोन-तृतीयांश काम हा एकटा पडदा करतो. तो आपोआप झटक्यासरशी आखडला म्हणजे उचकी लागते; कोणी आठवण काढो वा न काढो.

या पडद्यास हुकूम देणाऱ्या मज्जातंतूची कथा मोठी मनोरंजक आहे. पडदा छातीच्या तळाशी, परंतु त्याचे मज्जातंतू निघतात मानेतील ३ऱ्या, ४ थ्या व ५ व्या मज्जांपासून. कारण गर्भावस्थेच्या आरंभी श्वासपटलाची जडणघडण मानेच्या भागात होते. पुढे वाढ होता होता ते खाली उतरते व आपला मज्जातंतू मागोमाग ओढून आणते. पडद्याच्या कडांस मात्र खालच्या फासळ्यांमधून येणारे मज्जातंतू संवेदना पुरवितात, आणि तेच मज्जातंतू पुढे पोटाच्या त्वचेसही पोहोचतात. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आतापर्यंतचे वर्णन मोठ्या माणसाचे झाले. तान्ह्या मुलाची छाती म्हणजे मोठ्या छातीची लहान प्रतिकृती नव्हे. तिचा आकार पिंपासारखा गोल असतो. फासळ्या खाली कललेल्या नसून जवळजवळ आडव्या असतात. बादलीची कडी आधीच आडवी धरलेली असेल तर ती उचलून रुंदी कितीशी वाढणार? त्यामुळे मुलाच्या फासळ्यांस श्वासाचे काम फारसे साधत नाही, आणि जवळजवळ सारा भार श्वासपटलावर पडतो. निरोगी बाळही पोटाने श्वास घेते, यात काळजीचे काही नाही. दुसरा भेद असा, की त्याच्या फासळ्यांत कूर्चेचा अंश अधिक असल्याने त्या ओल्या वेताप्रमाणे वाकतात. प्रसूतीच्या समयी ही लवचिकता उपकारक. आजारात तीच उघडी पडते.

फुप्फुसाचा दाह, म्हणजे ज्यास आता सर्वत्र न्यूमोनिया म्हणतात तो, झाला म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत हवेऐवजी द्रव साचतो व फुप्फुस ताठर बनते. नवी पिशवी फुगविणे सोपे, ओली चिकटलेली पिशवी फुगविणे कठीण. पुरेशी हवा येत नाही म्हणून मूल आधी श्वासांची संख्या वाढविते. तेही अपुरे पडले म्हणजे श्वासपटल अधिक जोराने खाली ओढू लागते. छातीच्या आत ओढ वाढते, फुप्फुस तर फुगत नाही. मग जे मऊ आहे ते आत खेचले जाते. मऊ काय, तर मुलाच्या छातीची खालची भिंत. निरोगी मुलाने श्वास आत घेतला म्हणजे पोट व खालच्या फासळ्या दोन्ही बाहेर येतात. या आजारात पोट बाहेर येते आणि त्याच क्षणी खालच्या फासळ्या आत जातात. हाच तो खळगा.

म्हणजे आजीबाईंनी जे पाहिले ते खरेच होते. चुकले ते केवळ अनुमान. खळगा पोटाच्या सीमेवर दिसतो म्हणून रोग पोटात असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय वर सांगितलेले मज्जातंतू या गैरसमजास दुजोरा देतात. फुप्फुसाच्या खालच्या भागास दाह झाला असता त्याची वेदना त्याच तंतूंच्या मार्गाने पोटावर जाणवते. तीन-चार वर्षांचे बोलते मूल छातीच्या आजारात 'पोट दुखते' म्हणून रडते, तेव्हा ते लबाडी करीत नसते.

चुकीच्या अनुमानाची किंमत मात्र फार मोठी पडते. जळगाव-जामोद व संग्रामपूर या तालुक्यांच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत. त्यांस लागून अमरावती जिल्ह्यातील मेळघाट. तेथे पोट फुगलेल्या व धापा टाकणाऱ्या मुलाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देण्याची 'डम्मा' नावाची चाल अलीकडच्या वर्षांतही वारंवार उघडकीस आली आहे. वाचून अंगावर काटा येतो. परंतु शिकलेल्या घरांनी यावर नाक मुरडण्यापूर्वी आपल्याकडे पाहावे. पोटावर हिंगाचा लेप, बिब्ब्याचा चटका, बंद खोलीत शेगडीवर ओवा टाकून दिलेली धुरी, 'एक दिवस वाट पाहू' म्हणून घालविलेली रात्र, हे प्रकार सुशिक्षित घरांत घडत नाहीत असे कोणास छातीवर हात ठेवून म्हणता येईल? डाग व लेप यांत क्रौर्याचा फरक मोठा आहे. पण रोग फुप्फुसात असता पोटावर उपचार करीत वेळ दवडणे ही चूक दोहोंत एकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणे २०१९ या एका वर्षात न्यूमोनियाने जगात पाच वर्षांखालील सुमारे ७ लक्ष ४० हजार मुले दगावली. त्यांतील पुष्कळशी वेळेवर औषध मिळते तर वाचती.

वेळेवर ओळखणे खेड्यातही शक्य आहे, याचा पुरावा आपल्या विदर्भानेच जगास दिला आहे. बुलढाणा विदर्भाच्या पश्चिम टोकास, तर गडचिरोली पूर्व टोकास. तेथे १९८६ पासून काम करणारे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावचे आरोग्यसेवक व सुइणी यांस मुलाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्याचे व ठरावीक औषध देण्याचे शिक्षण दिले. अनेक सुइणींस चाळीस-पन्नासापुढे मोजता येत नसे. त्यासाठी एक साधे यंत्र बनविण्यात आले : एका मिनिटाची वाळूची घटिका व तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याच्या आत शेवटचा तांबडा मणी सरकला, तर मुलास न्यूमोनिया आहे असे समजावयाचे. या प्रयोगाचा वृत्तान्त १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या गावांत हे काम झाले नव्हते तेथे दर हजार बालकांमागे १७.५ मृत्यू न्यूमोनियाने होत होते. काम झालेल्या गावांत हे प्रमाण ८.१ आढळले, म्हणजे ५४ टक्क्यांनी कमी. जे अक्षरशत्रू सुईण करू शकते, ते घड्याळ वापरणाऱ्या आईस करता येऊ नये हे संभवत नाही.

रीत अशी. मूल शांत असावे. रडत किंवा दूध पीत असताना मोजलेला आकडा निरुपयोगी होय. झोपेत असल्यास उत्तम. अंगातील झबले वर करून छाती व पोट उघडे करावे, उजेड पुरेसा असावा. पोट एकदा वर येऊन खाली गेले, म्हणजे एक श्वास. घड्याळाच्या काट्याकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजावे; अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण तान्ह्या मुलाचा श्वास एका लयीत चालत नाही, मधूनच थबकतो व मधूनच घाई करतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर तो श्वास जलद समजावा. अगदी लहान बाळाचा आकडा ६० वर गेल्यास खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजावे.

संख्येनंतर खळगा पाहावा. श्वास आत घेताना फासळ्यांची खालची कड आत जाते काय, आणि मूल शांत असता प्रत्येक श्वासाला जाते काय, हे पाहावयाचे. केवळ फासळ्यांमधील त्वचा किंचित हलली, किंवा रडताना एखादे वेळी खळगा पडला, तर तो या लक्षणात मोडत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाच्या फासळ्या इतक्या मऊ असतात की थोडासा खळगा निरोगी स्थितीतही दिसतो. तेथे तो खोल व सहज नजरेत भरणारा असेल तरच गंभीर मानावा. नाक चोंदले असल्यासही बाळास ओढ लागते, कारण तान्ही मुले बहुतांशी नाकानेच श्वास घेतात. नाक स्वच्छ करून पुन्हा पाहावे.

खोकल्याबरोबर जलद श्वास किंवा खळगा आढळला, तर त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. मूल दोन महिन्यांच्या आतील असेल, किंवा दूध-पाणी घेत नसेल, घेतलेले सर्व ओकत असेल, आकडी आली असेल, सुस्त पडून जागे होत नसेल, स्वस्थ असतानाही श्वासाबरोबर घशात घर्र असा आवाज येत असेल, अथवा ओठ-जीभ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बुलढाण्यास जिल्हा रुग्णालय आहे, खामगावास सामान्य रुग्णालय आहे. वाहन नसल्यास १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. वाटेत मुलास छातीशी उबदार धरावे, पण दुपट्याने पोट आवळू नये. ज्याचा सारा श्वास पोटाच्या हालचालीवर चालला आहे, त्याचे पोट बांधणे म्हणजे भात्याच्या दांड्यास दोरी बांधणे होय.

येथे कोणी विचारील, की प्रत्येक पडशाखोकल्यास असे धावत सुटावे काय? मुळीच नाही. मोजण्याचा दुसरा उपयोग हाच. श्वास मर्यादेत आहे, खळगा नाही, मूल दूध पिते व खेळते, अशा वेळी बहुतेक खोकले आपोआप बरे होतात. त्यांस जंतुनाशक औषध लागत नाही, आणि मागील आजारातील उरलेली बाटली काढून पाजणे तर धोक्याचे. एका आकड्याने घराची अनाठायी भीतीही जाते आणि अनाठायी धीरही.

आजार होऊच नये म्हणून जे करता येते, तेही थोडक्यात सांगतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, लसींच्या वेळा न चुकविणे, आणि घरात धूर न करणे, ही तीन पथ्ये मुख्य होत. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूवरील लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. ती सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने या वयांत द्यावयाची असते. घाटावरच्या थंडीत बाळंतिणीच्या खोलीची दारेखिडक्या लावून शेगडी धुमसत ठेवण्याची चाल कित्येक घरांत अजून आहे. ऊब हवी हे खरे. पण ती गोधडीने द्यावी, धुराने नव्हे. त्याच खोलीत कोणी विडी-सिगारेट ओढीत असेल, तर त्यास बाहेर घालविण्याचा अधिकार सासू-सुनांनी एकमताने बजावावा.

एक शेवटची विनंती. हा अंक वाचून झाल्यावर, मूल निरोगी असतानाच, त्याचे श्वास दोन-चार वेळा मोजून ठेवावेत आणि त्याचे पोट व फासळ्या एकाच वेळी कशा बाहेर येतात ते नीट पाहावे. निरोगी चाल ज्या डोळ्यांच्या सवयीची झाली, त्यांस बिघडलेली चाल मध्यरात्री, मिणमिणत्या उजेडातही ओळखू येते. आणि घरातील आजीने 'डबा झाला' म्हटले, तर तिला हसू नये. तिने धोक्याची खूण अचूक टिपलेली असते. तिचा हात पोटावरून उचलून हळूच फासळ्यांवर ठेवावा, आणि घड्याळ घेऊन तिच्याजवळ बसावे.